मले कोनं सांगतलं होतं?

मागच्या दिवाळीत अकोटला, आमच्या आजोळी, एक खटला चालला. कोर्ट म्हणजे आजीची ओसरी आणि त्यावर अंथरलेली अकोटचीच सतरंजी. फिर्यादी माझा धाकटा मामेभाऊ, इयत्ता सहावी. आरोपी आम्ही चौघं मोठी भावंडं. आणि गुन्हा? खेळाचा नियम बदलल्याचा, तोही न सांगता!

खेळाचं नाव 'पऱ्हाटी'. दुकानात शोधू नका, मिळणार नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही पाचही भावंडं अकोटला अडकलो होतो. पत्ते खेळून खेळून झिजले, कॅरमची राणी हरवली आणि मग साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हा खेळ जन्माला आला. पटावर मृगापासून स्वातीपर्यंत अकरा नक्षत्रांची घरं, पुढे वेचणी आणि शेवटी बाजार. फाशांच्या जागी फोडलेले चार चिंचोके. एक सरकी म्हणजे एक क्विंटल कापूस. सोबतीला वहीच्या पानांची कापलेली कार्डं: पाऊस, बोंडअळी, हमीभाव, विमा, कर्ज. बाजाराच्या घरात पोचताना ज्याच्याकडे जास्त सरकी तो जिंकला. साधा सरळ मामला. (२०१७ साली बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी कशी खाल्ली ते आम्ही लहानपणी पाहिलेलं. त्यामुळे ते कार्ड कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.)

तर त्या दिवशी सहावीतल्या साहेबांनी दोन विमा कार्डं जपून ठेवली होती. बोंडअळी आली, याची अठरा सरकी जायची वेळ आली आणि यानं हुकमाचं पान टाकावं तसं विमा कार्ड सतरंजीवर आपटलं. आम्ही चौघं हसलो. कारण गणपतीच्या सुटीत आम्ही व्हिडिओ कॉलवर ठरवलं होतं, की विमा मृगाच्या घरातच जाहीर करायचा. नंतर काढलेलं कार्ड बाद.

"आमी फोनवर ठरोलं होतं ना बे," मोठा दादा म्हणाला.

"तुमी ठरोलं. मले कोनं सांगतलं होतं?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं.

मग आजीनं निवाडा करायचं ठरवलं आणि विचारलं, "लिहून ठेवलं आहे का कुठं?" लिहून ठेवलेलं होतं ना! एक नव्हे, तीन ठिकाणी. खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला एक इंग्रजी कागद, माझ्याच हातचा. कॉन्व्हेंटची सवय, नियम म्हटला की हात आपोआप इंग्रजीत चालायचा. दुसरा मराठी कागद, मामीच्या अक्षरात. तिसरा दादाच्या मोबाइलमधला फोटो, त्यात अर्ध्या ओळी खोडलेल्या. तिन्हींत विम्याचा नियम वेगळा. आणि तिन्हींवर तारीख नाही, आकडा नाही, काही नाही. यातला आधीचा कोणता, नंतरचा कोणता? सांगता येईना.

खरं सांगू? मला लाज वाटली. मी इंजिनिअरिंगला आहे. लॅबमध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला तरी गिटमध्ये नोंद करते: काय बदललं, कधी, का. आणि ज्या खेळावर आम्हा पाच जणांचा जीव, त्याच्या नियमाला साधा आवृत्तीक्रमांक नाही!

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: घरी बनवलेल्या खेळाच्या नियमांनाही आवृत्तीक्रमांक हवा, तारीख हवी आणि बदलाचं कारण हवं. हसू नका, पुढे वाचा.

आधी एक आक्षेप काढून टाकते. माझी रूममेट म्हणाली, "पिढ्यान्‌पिढ्या लोक झब्बू, मेंढीकोट, बदामसत्ती खेळतायत. कुणी व्हर्जन नंबर टाकला?" मुद्दा बरोबर आहे. पण नीट आठवा. परगावच्या माणसाबरोबर पत्ते वाटण्याआधी आपण काय विचारतो? "तुमच्याकडे कसं खेळतात?" हाच तर आवृत्तीक्रमांक, फक्त तोंडी! समोरासमोर बसलेल्या चार जणांना तो पुरतो. पाचवा जण गैरहजर असला की तो तोकडा पडतो. बोलून ठरवलेला नियम हजर असणाऱ्यांच्याच मालकीचा होतो, आणि आमचा सहावीतला त्या व्हिडिओ कॉलवर नव्हता. तो ट्यूशनला गेला होता.

आणि आपल्या लोकांनी आवृत्त्या ओळखल्याच नाहीत असंही नाही. कबड्डीच घ्या. जुन्या काळी तिचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन परत येतो. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर गेलेला बाहेरच. अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजला जातो. आता बघा, मैदान तेच, दम तोच, पण एका नियमानं अख्खा खेळ बदलतो. म्हणून लोकांनी आकडा नाही तरी नाव दिलं. 'आज गामिनी' म्हटलं की भांडण मिटलं. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली. गल्लीत जे 'आमच्याकडे असंच असतं' म्हणून भागतं, ते परक्या मुलखात भागत नाही. तिथे नियम कागदावर लागतो. १९१४ सालीच पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. तोवर खो-खो नव्हता का? होता की. पण गावोगावचा वेगळा.

बुद्धिबळाचंही तसंच. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जायचं आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. मीर सुलतान खान हा पंजाबातला खेळाडू याच देशी नियमांवर वाढला, मग पाश्चात्त्य नियम शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता झाला! पण विचार करा, त्याला कुणी न सांगताच त्या पटावर बसवलं असतं तर? त्याच्या बुद्धीत काही कमी नव्हतं, पण पहिल्या पाच चालींतच तो चुकला असता आणि बघणारे म्हणाले असते, याला खेळताच येत नाही. न कळवलेला नियम हुशार माणसालाही मठ्ठ ठरवतो. आज जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांवर 'अमुक तारखेपासून लागू' असं स्पष्ट छापलेलं असतं. चेन्नईतल्या बैठकीत संमत झालेले नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले.

क्रिकेटवाल्यांचं तर आदर्श आहे. १७४४ पासून त्यांच्या नियमांच्या संहिता निघत आल्या. १९४७ ची संहिता, १९८० ची, २००० ची, २०१७ ची. संहितेच्या आत पुन्हा आवृत्त्या: २०१७ च्या संहितेची तिसरी आवृत्ती २०२२ साली निघाली. मोठा बदल असेल तर नवी संहिता, छोटे बदल असतील तर त्याच संहितेची नवी आवृत्ती. याच तिसऱ्या आवृत्तीत नॉन-स्ट्रायकरला धावबाद करण्याचा नियम 'अनुचित खेळ' या कलमातून उचलून 'धावबाद' या कलमात नेला. बाद होण्याची पद्धत तीच, पण गोलंदाजाच्या माथ्यावरचा कलंक पुसला गेला. नियम कोणत्या पानावर आहे यानंही फरक पडतो!

आता संगणकवाल्यांकडे येऊ. (इतर शाखांच्या मित्रांनी दोन मिनिटं सोसावं.) सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत हल्ली तीन आकडे असतात, उदाहरणार्थ २.४.१. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यानं ही पद्धत नीट लिहून काढली. गंमत म्हणजे त्या पद्धतीलाही आवृत्ती आहे, २०१३ ची २.०.०! पहिला आकडा कधी वाढवायचा? जुनं नव्याशी जुळेनासं झालं की. दुसरा कधी? नवीन काही घातलं पण जुनं चालूच राहिलं, तेव्हा. तिसरा फक्त चुकीच्या दुरुस्तीला.

हे अकोटच्या माणसाला समजावून सांगायला पुस्तक नको, रेल्वे स्टेशन पुरे. अकोला–अकोट गाडी आधी मीटरगेजवर धावायची, म्हणजे दोन रुळांत १,००० मिलिमीटर अंतर. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच मार्गावर ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, अंतर १,६७६ मिलिमीटर. गाव तेच, फलाट तिथेच, पण जुना डबा नव्या रुळावर चालणार नाही. हा पहिला आकडा! मध्ये एखादं नवं थांब्याचं स्टेशन दिलं, तर जुनी गाडी चालेलच, फक्त एक थांबा वाढेल. हा दुसरा आकडा. आणि पाटीवर 'अकोट'च्या जागी चुकून 'आकोट' रंगवलं होतं ते पुसून नीट केलं, तर तो तिसरा.

आता हीच फूटपट्टी 'पऱ्हाटी'ला लावून बघा. 'हमीभाव' हे कार्ड आम्ही २०२१ मध्ये घातलं. जुना खेळाडू आला तर त्याला एका वाक्यात सांगता येतं, त्याचे डावपेच फुकट जात नाहीत. दुसरा आकडा. विमा आधीच जाहीर करायचा हा नियम मात्र पहिला आकडा. जुन्या नियमावर विसंबून जो विमा शेवटपर्यंत जपून ठेवतो तो नव्या नियमात बुडतो. आमच्या मते तो बारका बदल होता, 'एवढंसं तर आहे'. पण बदल बारका की मोठा हे बदलणाऱ्यानं ठरवायचं नसतं. ज्याला माहीत नाही त्याचं किती नुकसान होईल, यावरून ते ठरतं. अठरा सरकी गेली की तो बदल मोठा!

तिसऱ्या आकड्यातही एक खोच आहे. माझ्या इंग्रजी कागदावर 'विमा दाखवण्या'च्या वाक्यात 'मे' हा शब्द होता. मामीनं भाषांतर केलं, 'खेळाडू विमा दाखवू शकतो.' दादानं नंतर पेननं केलं, 'दाखवावा.' त्याच्या मते ही व्याकरणाची दुरुस्ती. पण 'शकतो'चं 'वा' झालं की मुभेचं बंधन होतं! म्हणून मी एक कसोटी लावते: ही दुरुस्ती आधीच असती, तर मागच्या एखाद्या डावात कुणाची हारजीत उलटली असती का? उत्तर 'हो' असेल तर ती दुरुस्ती नाही, तो बदल आहे.

कुणी म्हणेल, आकड्यांना एवढं काय महत्त्व? लिनक्सवाल्यांनी २०११ मध्ये २.६.३९ नंतर एकदम ३.० केलं, काही विशेष बदललं नव्हतं, आकडे फार लांबले होते एवढंच. डोनाल्ड क्नूथ या ऋषितुल्य प्राध्यापकानं तर आपल्या टेक् या प्रणालीचा क्रमांक पायच्या किमतीकडे सरकवत नेलाय. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ वर पोचला. ते खरंच आहे. पण त्यांचं सॉफ्टवेअर मशिनवर असतं, नवं आलं की जुन्यावर बसवता येतं. पुठ्ठ्याचा पट स्वतःहून अपडेट होत नाही! दादानं पुण्याला नेलेली प्रत २०२२ मध्येच गोठलेली आहे, मामीची प्रत तिच्याही आधी. एकदा हातातून गेलेला कागद परत बोलावता येत नाही, म्हणून तो कोणत्या वेळचा आहे हे त्याच्याच कपाळावर लिहिलेलं हवं. सॉफ्टवेअरपेक्षा कागदाला आकड्याची गरज जास्त आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अमेरिकन खेळाची तिसरी आवृत्ती २००० साली आली. २००३ मध्ये तीच सुधारून आली तेव्हा चौथी न म्हणता '३.५' म्हटलं, आणि खेळणाऱ्यांना लगेच कळलं की घर तेच, डागडुजी बरीच. पाचवी आली २०१४ मध्ये. २०२४ मध्ये तिची सुधारलेली पुस्तकं निघाली, पण त्यांना नवा आकडा दिला नाही. मग काय, कुणी त्याला '५.५' म्हणतं, कुणी '२०२४ वाली'. तुम्ही आकडा दिला नाही तर लोक देतात, आणि प्रत्येक जण आपला वेगळा देतो.

असो. आकडा झाला, तारीख झाली. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिसरं, कारण.

'पऱ्हाटी'त सुरुवातीला एक 'कर्ज' कार्ड होतं. पाऊस पडला नाही की ते काढायचं, दहा सरकी उचलायची आणि बाजारात पोचल्यावर पंधरा परत करायची. खेळ म्हणून ते कार्ड झकास होतं. सगळा थरार त्यातच. एका दुपारी आजी आमच्यासोबत खेळायला बसली. तिला कर्ज लागलं. तिनं ते कार्ड हातात धरून ठेवलं, मग शांतपणे घडी केली आणि कनवटीला लावलं. म्हणाली, "खेळात तरी कर्ज नको रे बाप्पा." तिनं कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आम्ही सगळी वऱ्हाडातलीच पोरं. त्या दिवसापासून कर्ज कार्ड खेळातून गेलं ते गेलंच.

मागच्या दिवाळीत दादा म्हणत होता की खेळ जरा सपक झालाय, कर्जाचं कार्ड परत आणू या. तेव्हा मला जाणवलं, की आणखी दहा वर्षांनी आमच्यातलंच कुणी, किंवा आमच्या पोरांपैकी कुणी, जुना पुठ्ठा उलगडेल, त्यावर कर्जाचं पुसट घर दिसेल आणि म्हणेल, अरे हे का काढलं बरं? चांगलं होतं की! नुसता '२.०' हा आकडा त्याला काही सांगणार नाही. पण त्यापुढे 'कर्ज कार्ड काढलं. कारण: आजी' एवढं लिहिलेलं असेल तर तो थांबेल. कदाचित तरीही आणेल, तो त्याचा हक्क. पण माहीत असून आणेल.

हे आपल्या भाषेलाही नवं नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता पाठात भेसळ झाली होती. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, शुद्ध पाठ तयार केला आणि शेवटी काय केलं? कोणत्या शकात केलं ते नोंदवलं, पाठभेदांमुळे करावं लागलं हे सांगितलं आणि यापुढे कुणी यात स्वतःची ओवी घुसडू नये अशी ताकीद दिली. तारीख, कारण, आणि बदलणाऱ्याला इशारा. गिट यायच्या चारशे वर्षं आधी! आम्ही मात्र चार पानी नियमांवर साधी तारीख टाकत नाही.

आता थोडं आपल्या घराबद्दल, म्हणजे हॉस्टेलबद्दल. रागावू नका. एका वसतिगृहातली गोष्ट (कुठल्या ते विचारू नका, सगळीकडे सारखंच असतं). मेस बंद ठेवायची असेल तर दोन दिवस आधी सांगायचं, असा नियम. एका मुलीनं दोन दिवस आधी सांगितलं, घरी गेली, परत आली तर बिल पूर्ण! का? तर नियम आता तीन दिवसांचा आहे. कधी झाला? बोर्डावर लावलाय. बोर्डावर खरंच होता. पण कागदावर तारीख नव्हती. तो ती जाण्याआधी लागला की नंतर हे देवालाही सांगता येईना. पैसे थोडेच होते, पण ती जे म्हणाली ते मला ओळखीचं वाटलं. "मला कुणी सांगितलं होतं?" फक्त भाषा प्रमाण होती!

आपल्या राज्यघटनेकडे बघा. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक असतो: ४२ वी १९७६ ची, १०६ वी २०२३ ची. घटनेची चांगली प्रत उघडलीत तर कोणते शब्द कोणत्या दुरुस्तीनं आले आणि केव्हापासून लागू झाले ते तळटीपेत दिसतं. आणि कलम २०(१) तर थेट सांगतं, की कृत्य करतेवेळी जो कायदा लागू होता त्याचा भंग झाला असेल तरच गुन्हा. मागाहून केलेल्या कायद्याखाली शिक्षा नाही. एवढ्या मोठ्या देशाला जे परवडतं ते आपल्या बोर्डाला का परवडू नये? हा माझा स्टाफविरुद्ध मोर्चा नाही. उलट तारखेमुळे वॉर्डनसरांचं किंवा मॅडमचंही भलंच आहे. "बघ, १२ तारखेला लागलाय, तू १५ ला गेलीस," म्हटलं की वाद संपला. आणि आपण विद्यार्थी तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? सीनियर हरायला लागला की कॅरमचा 'हॉस्टेल रूल' मध्यरात्री कसा बदलतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे!

म्हणून माझ्या सूचना, खेळालाही आणि बोर्डालाही. एक, प्रत्येक कागदावर क्रमांक आणि तारीख. नुसतं खोक्यावर नको, प्रत्येक पानावर, कारण पानं सुटी होतात. दोन, चाचपडत असाल तोवर शून्यानं सुरू होणारे आकडे वापरा, ०.१, ०.२, वाटेल तितके बदला. बाहेरच्या माणसाच्या हातात कागद दिलात की १.०, तिथून जबाबदारी सुरू. तीन, चालू डावात नियम बदलायचा नाही; सुचलं तर मागे लिहून ठेवा, पुढच्या डावापासून लागू. चार, बदलापुढे एका ओळीत कारण. पाच, कुणाला वेगळंच खेळायचं असेल तर खुशाल खेळू द्या, पण नाव वेगळं ठेवा. आमच्याकडे आता 'पुणे शाखा' आणि 'आजी शाखा' अशा दोन आहेत. आजी शाखेत बोंडअळीही नाही. तिथे पाऊस वेळेवर पडतो आणि सगळेच जिंकतात. तिला तसंच आवडतं.

कुणी म्हणेल, यानं खेळाची सरकारी कचेरी होईल, मजा जाईल. मला उलटं वाटतं. आकडा बदल थांबवत नाही, बिनधास्त बदलू देतो. जुनं हरवत नाही हे माहीत असलं की नवं करून बघायची भीती जाते. नाही आवडलं तर परत २.१ वर या, हाय काय अन् नाय काय!

आणि त्या खटल्याचा निकाल? तो डाव जुन्या नियमानं धरला गेला. अठरा सरकी परत मिळाली आणि सहावीतले साहेब जिंकले. त्याच रात्री मी बसून सगळे नियम एका कागदावर मराठीत लिहिले, वर 'आवृत्ती ३.०' घातलं, तारीख टाकली, खाली बदल आणि कारणं लिहिली. विम्याच्या नियमापुढे कारण लिहिलं, 'नुकसान झाल्यावर विमा काढता येत नाही', आणि त्याला वाचून दाखवलं. त्याला पटलं. नियम नवाच राहिला, पण या वेळी त्याला सांगून.

सेमिस्टर सुरू झाल्यावर एक दिवस मामीच्या मोबाइलवरून त्यानं मला एक फोटो पाठवला. माझाच कागद, पण वरचा आकडा नीट खोडून '३.०.१' केलेला, शेजारी तारीख. खाली पेन्सिलनं एक ओळ:

"आद्रा नाही, आर्द्रा. कारण: ताई कॉन्व्हेंटची आहे."

तिसरा आकडा. अगदी बरोबर वाढवला होता.